दुसऱ्या मजल्यावर डिझाइनची कार्यशाळा, मंजुरी ३० लाख: यादी कुठे चुकतेय?

बेलापूर_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला विद्यापीठाच्या इमारतीत बी.डिझाइनच्या मुलांसाठी कार्यशाळा उभी करायची आहे. जागा दुसऱ्या मजल्यावर, १८०० चौरस फूट, दोन वर्गांमधली भिंत काढून एक केलेली. वर आणखी तीन मजले आहेत. एका बाजूला खिडक्या, आणि समोर पंचवीस फुटांवर शेजारच्या सोसायटीच्या बाल्कन्या. एका वर्षाला ४० मुलं, निम्मी प्रॉडक्टची, निम्मी कम्युनिकेशनची. मंजुरी एकूण ३० लाखांची. वायरिंग आणि टेबलं त्यातच बसवायची.

सध्याची यादी: ८० वॅटचा सीओटू लेसर (९०० × ६०० मिमी बेड), दहा थ्रीडी प्रिंटर, ८ × ४ फुटी सीएनसी राउटर (संगणकाच्या फाइलवरून लाकूड कापणारं-कोरणारं यंत्र), टेबल सॉ, बँड सॉ, पिलर ड्रिल, स्प्रे पेंटची सोय, हातहत्यारं. लेसरवाल्याने कोटेशनमध्ये एक्झॉस्टपुढे (धूर बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेपुढे) ‘ऐच्छिक’ लिहिलंय, ते वाचून जरा शंका आली. यादीतलं काय गाळू, काय घालू? पावसाळ्यात काय काय बिघडतं? आणि माणसं किती लागतील?

---

पटाशी

मॅडम, यंत्रांच्या आधी तो दुसरा मजला बघा. आणि काढलेली भिंत नुसती पार्टिशनचीच होती, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घेऊन ठेवा.

वर्गखोलीचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरून केलेला असतो. हलक्या यंत्रांच्या कारखान्याला हाच आकडा ५ धरतात, मध्यम कामाला ७. आता गंमत अशी की पिलर ड्रिल किंवा १४ इंची बँड सॉ फारसे जड नसतात. जड असतो तो माल. १८ मिमी एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेला) ८ × ४ चा एक बोर्ड ३८-४० किलोचा. असे पंचवीस एकावर एक रचलेत की तीन चौरस मीटरवर जवळजवळ एक टन, म्हणजे मर्यादा तिथेच ओलांडली. बोर्डांचा साठा तळमजल्यावर ठेवा. वर आठवड्याला लागेल तेवढाच माल, तोही खोलीच्या मधोमध नाही, बीमच्या रेषेवर.

शिवाय ८ × ४ चा बोर्ड कॉलेजच्या लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याच्या वळणावर कोपरे फुटतात आणि एमडीएफचा फुटलेला कोपरा पुन्हा जोडता येत नाही. प्लायच्या दुकानात पॅनेल सॉ असतो, तिथूनच तुकडे करून मागवा. बेंचवरच्या कामासाठी एका बोर्डाचे चार. ब्लेड ३ मिमी खातं, म्हणून तुकडा ६१० नाही, ६०८ भरतो. ड्रॉइंगमध्ये हेच माप धरायला लावा. लेसरसाठीच्या ३ मिमी शीटचे मात्र ८०० × ६०० चे सहा तुकडे करा. सरळ सहा सारखे भाग पाडलेत तर रुंदी ६०८ येते आणि तुमच्या ६०० च्या बेडवर ते बसत नाही. मग मुलं आठ मिमी कापायला करवत शोधत फिरतात.

८ × ४ चा राउटर यादीतून काढाच. वजन टनाच्या घरात, वर बेंबीच्या देठापासून ओरडणारा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) आणि खाली वर्ग चालू. वर्षातून चार वेळा लागणारं हे काम रबाळे, महापे, तुर्भेच्या औद्योगिक पट्ट्यात जॉबवर्कवर होतं. फाइल आणि शीट घेऊन जायचं.

टेबल सॉही पहिल्या वर्षी नको. लाकडाची चीर ब्लेडवर मिटली की तुकडा उलटा अंगावर येतो, आणि हे नवशिक्याच्या हातूनच होतं. सरळ लांब काप दुकानातून होऊन आलेले असतात, बाकीचं बँड सॉ आणि डिस्क सँडरवर निघतं. बँड सॉचं वरचं गार्ड जॉबच्या जेमतेम बोटभर वर ठेवायचं. ते उंच राहिलं की ब्लेड उघडं पडतं आणि कापही लवतो.

हातहत्यारांवर कंजुषी नको. २० जणांच्या एका बॅचला २० गुण्ये (काटकोन तपासायला), २० स्टीलच्या पट्ट्या, १० बारीक दातांच्या करवती, ६-१२-१८ मिमी पटाश्यांचे आठ संच, सपाट-अर्धगोल-गोल कानशी, दोन बाजूंचे धारेचे दगड. क्लॅम्प ४० घ्या. हसू नका, चाळीससुद्धा कमी पडतात, कारण फेविकॉल लावलेला जॉब रात्रभर क्लॅम्प अडवून बसतो.

एक छोटी गोष्ट, पण हिच्यावाचून ड्रिल सुरू करू नका. यंत्रांच्या दोन हात अलीकडे भिंतीवर खुंट्यांची पट्टी ठोका. गळ्यातलं आयडी कार्ड, ओढणी, घड्याळ, बांगडी तिथे टांगायची आणि मगच पुढे जायचं. कॉलेजात चकमध्ये अडकणारी पहिली वस्तू आयडी कार्डाची नाडी असते, कारण ती काढायची असते हे कुणाला सुचतच नाही. ड्रिलवर हातमोजेही नकोत.

---

टीटीसी_लेसर

एक्झॉस्ट ऐच्छिक असेल तर लेसरही ऐच्छिकच म्हणायचा. एमडीएफ जळताना फॉर्मल्डिहाइड आणि चिकट काजळी निघते, अ‍ॅक्रिलिकचा वास पूर्ण मजल्यावर फिरतो. समोरच्या बाल्कन्या बघता खिडकीतून नळी बाहेर सोडलीत तर आठवड्यात तक्रार येईल. शाफ्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून नळी गच्चीच्या वर न्यावी लागेल. चार मजल्यांच्या नळीत साधा अ‍ॅक्सियल पंखा हवा ढकलू शकत नाही, सेंट्रिफ्युगल ब्लोअरच लागतो. तो यंत्राजवळ नाही, नळीच्या वरच्या टोकाला बसवा. म्हणजे पूर्ण नळी खेचणीखाली राहते आणि सांध्याला फट पडली तरी धूर खोलीत येत नाही. नळी गुळगुळीत पत्र्याची घ्या. त्या वळ्यावळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियम होजमध्ये काजळी साचते आणि ती पेटते. होज यंत्रापासून पहिल्या दोन फुटांपुरतीच. वळणं काटकोनी नकोत, आणि दर वळणाशी साफसफाईचं झाकण ठेवा.

आता पावसाळा. हे नीट वाचा, कारण ट्यूब इथेच मरतात.

ट्यूब म्हणजे लेसरचा किरण जिच्यात तयार होतो ती काचेची नळी. तिच्यात थंड पाणी फिरतं. यंत्र बसवायला आलेला माणूस चिलर (ते पाणी गार करणारं यंत्र) २० अंशांवर लावून जातो. जुलैत बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असला तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ थेंब धरू लागते ते तापमान, २६ च्या आसपास येतो. २० अंशांची काच म्हणजे फ्रीजमधून काढलेली बाटली: ट्यूबवर थेंब धरतात. हाय व्होल्टेजच्या टोकाला ओल आली की ठिणगी भलतीकडे उडते. बीम निघतो त्या टोकाला आणि लेन्सवर धुकं धरलं की तिथेच ऊर्जा शोषली जाते आणि लेन्स तडकते.

यावर सगळे म्हणतात, खोलीत एसी लावलाय की. लावा, पण हिशोब करा. लेसरची केबिन १२ × १० फूट, उंची १० फूट धरली तर १२०० घनफूट हवा. ब्लोअर मिनिटाला ६०० घनफूट खेचतो. म्हणजे दर दोन मिनिटांनी एसीने कोरडी केलेली सगळी हवा गच्चीवर जाते आणि दाराखालून पावसाळी हवा आत येते. एसी चालू, बिल चालू, ट्यूब ओली. म्हणून जून ते सप्टेंबर चिलर २७ वर ठेवा. ट्यूबची ताकद थोडी कमी होईल, काप जरा हळू लावा. ऑक्टोबरनंतर २२-२३ वर आणा. केबिनच्या दाराला खाली जाळीची झडप द्या, नाहीतर ब्लोअरला खेचायला हवाच मिळत नाही आणि धूर यंत्रातच घुटमळतो. वीस दिवस बंद असलेलं यंत्र सुरू करताना आधी ट्यूबची दोन्ही टोकं टॉर्चने बघा.

चिलर सीडब्ल्यू-३००० नको. त्यात कॉम्प्रेसर नाही, नुसता रेडिएटर आणि पंखा. तो पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही, मग मे महिन्यात ट्यूब उकडते. ८० वॅटला सीडब्ल्यू-५००० पुरतो, ५२०० घेतलात तर आणखी निवांत. पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्याने आत शेवाळ आणि क्षार धरतात.

तिसरी गोष्ट सनबोर्डची. मॉडेलसाठी मुलं हाच घेऊन येतात, आणि बाजारात सनबोर्ड म्हणून मिळणारा बहुतेक बोर्ड पीव्हीसीचा फोम असतो. लेसरखाली पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसाला वाईट, आणि आपल्या दमट हवेत त्याचं आम्ल होऊन रेल, बेअरिंग, आरसे सगळ्यांना गंज चढतो. रेक्झिन आणि स्टिकरचा व्हायनिलही त्यातलेच. शंका असेल तर परीक्षा सोपी आहे, ती उघड्यावर, सांडशीत धरून करायची: तांब्याची तार लाल होईतो तापवा, प्लॅस्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, तुकडा परत. सनबोर्ड कटरने कापावा, तो त्यासाठीच इतका मऊ असतो. पॉलिकार्बोनेट विषारी या अर्थाने वाईट नाही, पण कडा पिवळ्या-काळ्या होतात आणि पेट घेतो. फोमकोरमधला थर तर भडकतोच.

आग बहुतेक वेळा एकाच पद्धतीने लागते: एअर असिस्टची (कापाच्या जागी हवा फुंकणारी) नळी निसटलेली, खालच्या जाळीत महिन्याभराचे एमडीएफचे कण, आणि जॉब लावून मूल चहाला गेलेलं. शेजारी सीओटूचा सिलिंडर टांगा. पावडरचा नको, आग विझेल पण पावडर रेल आणि आरशांत जाऊन यंत्र निकामी करेल.

---

तीन_फेज

वरच्या दोघांनी हवा आणि भार सांगितला, मी विजेचं सांगतो.

ढोबळ बेरीज करा: लेसर, चिलर आणि ब्लोअर मिळून ३ किलोवॅट, बँड सॉ, ड्रिल, सँडर ३, भुसा खेचणारा २ एचपी कलेक्टर १.५, ३ एचपी कॉम्प्रेसर २.२; दीड टनाचे दोन एसी ३.५, दोन हीट गन ४, प्रिंटर २, दिवे-पंखे १. झाले २० किलोवॅट. दोन वर्गांच्या वायरिंगवर हे चालणार नाही. इमारतीच्या मेन पॅनेलपासून स्वतंत्र थ्री फेज केबल, ६३ अँपिअरचा चार पोल आयसोलेटर (मुख्य स्विच), पुढे वेगळं डीबी (वीज वाटणारी पेटी). मंजूर भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज आजच द्या. यंत्र आलं पण लोड नाही, म्हणून सेमिस्टर वाया जातं.

फेज वाटताना लेसर आणि प्रिंटर एका फेजवर, सुटताना झटका देणाऱ्या सिंगल फेज मोटरी दुसऱ्यावर. मोटरींना डी कर्व्हचे, म्हणजे सुरुवातीचा झटका सोसणारे एमसीबी (आपोआप पडणारे खटके), नाहीतर सुरू करताच खटका पडतो आणि कुणीतरी शहाणा जास्त अँपिअरचा एमसीबी बसवतो. प्लग पॉइंटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा खटका) हवाच.

प्रत्येक फिरत्या यंत्राला नो-व्होल्ट रिलीज असलेला स्टार्टर लावा. वीज गेली, मुलगा ब्लेडवरचा तुकडा काढायला वाकला आणि वीज आली: साध्या खटक्यावर यंत्र आपोआप सुटतं. यावर सुटत नाही. शिवाय दाराशी आणि मधल्या खांबावर लाल मशरूम बटण, जे कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) पाडून सगळ्या यंत्रांची वीज तोडतं, दिव्यांची नाही. अंधारात फिरतं ब्लेड कुणालाच नको असतं.

लेसरला वेगळं अर्थिंग, १ ओहमच्या आत, मोजून. न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टिमीटरने २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर यंत्र सुरू करू नका, कंट्रोलर कार्ड आधी जातं. आणि थ्री फेज जोडल्यावर मोटर कुठल्या दिशेने फिरते ते ब्लेड न लावता बघा. दोन फेज उलटे असले की डस्ट कलेक्टर चालतो, आवाज करतो, फक्त नीट खेचत नाही. कित्येक दिवस कुणाच्या लक्षात येत नाही.

कलेक्टरची कापडी पिशवीही बघून घ्या. स्वस्तातली पिशवी जाड भुसा धरते आणि एमडीएफची पिठासारखी धूळ परत खोलीत उडवते. १ मायक्रॉनपर्यंत धरणारी मागा. सँडरवर एन९५ मास्क तरीही.

---

पॉइंट_चार_नोझल

दहा प्रिंटर कशाला? गणित करू. ४० मुलांचा प्रत्येकी सहा तासांचा एक पार्ट म्हणजे २४० तास. चार प्रिंटर रोज दहा तास चालले तर सहा दिवस. हेच काम चपट्या तुकड्यांत पाडून लेसरवर केलं तर माणशी पंधरा मिनिटं, एकूण दहा तास. ज्युरीच्या (परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या) आठवड्यात दहा काय, वीस प्रिंटरही पुरणार नाहीत, कारण सगळे शेवटच्या तीन दिवसांत येतात. चार-पाच प्रिंटर घ्या, सगळे एकाच मॉडेलचे, म्हणजे नोझल, बेल्ट, पीटीएफई नळी हे सुटे भाग एकमेकांना चालतात. आणि नियम ठेवा: चार तासांपुढचा प्रिंट आधी लहान मापात किंवा पुठ्ठ्यात करून दाखवायचा.

पावसाळ्यात उघडं ठेवलेलं पीएलए (प्रिंटरची प्लॅस्टिकची तार) पाणी पितं. नोझलपाशी चट-चट आवाज, पार्टवर केसांसारखे धागे, थर हाताने सुटणं ही लक्षणं. रोल ड्रायरमध्ये ४५-५० अंशांवर सहा तास ठेवायचा. घाई म्हणून ६० वर नेऊ नका, पीएलए तिथेच मऊ पडतं आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात. पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकला ६५ चालतं. वाळवलेला रोल रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह. काटा ३० टक्क्यांवर गेला की जेल बदला. रेझिन प्रिंटर पहिल्या वर्षी टाळा. आयपीएने (एक अल्कोहोल) धुणं, नायट्राइल मोजे, वेगळी खेळती हवा, वाया गेलेलं रेझिन उन्हात घट्ट करून मगच टाकणं, हे सगळं सांभाळायला वेगळा माणूस लागतो.

कम्युनिकेशनच्या मुलांचं यादीत काहीच नाही! दोन फुटी व्हायनिल कटर घाला. लेसरमध्ये बंदी असलेला व्हायनिल इथे ब्लेडने कापला जातो, काही धोका नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा) सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली. फॅब लॅबची यंत्रांची यादी जगासाठी खुली असते आणि त्यातही व्हायनिल कटर लेसरच्या बरोबरीने असतो. यादी मागवून तुमच्या यादीशेजारी ठेवा.

स्क्रीन प्रिंटिंगला एक अंधारी छोटी खोली, पिवळा दिवा, एक डीह्युमिडिफायर. तो नसेल तर जुलैत जाळीवरचं इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा थर) आतून ओलं राहतं, उजेड दिल्यावर धुताना सगळं डिझाइन जाळीतून वाहून जातं आणि मुलं वेळ वाढवत बसतात. कापड-पुठ्ठ्याला ४३टी, कागदावरच्या बारीक अक्षरांना ९०टी-१२०टी जाळी (आकडा म्हणजे सेंटिमीटरला धागे).

---

मिल_वाला

पटाशींशी एका बाबतीत असहमत. मोठा राउटर नको हे खरं, पण प्रॉडक्टच्या मुलांना सीएनसीचा हातच लागणार नाही असं करू नका. टूलपाथ (कटरचा मार्ग), स्टेप-ओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर), जॉब पकडणं हे जॉबवर्कवाल्याला फाइल देऊन समजत नाही. ३०० × ३०० बेडचा टेबलावरचा राउटर, बंद पेटीतला, पीयू फोम आणि मऊ लाकडापुरता. फोमसाठी ६ मिमी बॉल नोज (गोल टोकाचा कटर), स्टेप-ओव्हर ०.६ मिमी. बारीक धुळीसाठी व्हॅक्युम जोडलेला. वजन दोन माणसं उचलतील एवढंच.

पटाशी

हे मान्य. पेटीत असेल तर हरकत नाही.

---

बेलापूर_स्टुडिओ

सगळ्यांचे आभार. मोठा राउटर, टेबल सॉ आणि निम्मे प्रिंटर गेले. ते पैसे नळी, केबल, अर्थिंगकडे वळवते. माणसांचं आणि स्प्रेचं राहिलं. शिवाय प्लास्टरचं काम याच खोलीत करायचं आहे, तिथे एकच बेसिन आहे.

---

पटाशी

माणसं दोन. लेसर आणि बँड सॉ एकाच वेळी एका नजरेखाली राहत नाहीत. एक आयटीआयचा कारपेंटर किंवा फिटर ट्रेडचा, दुसरा संगणक-यंत्रं सांभाळणारा. पदांची मंजुरी यंत्रांच्या मंजुरीबरोबरच मागा. नंतर मागितलेली पदं येत नाहीत. एकच मिळाला तर वेळापत्रकात सोमवार-बुधवार लाकूड, मंगळवार-गुरुवार लेसर, शुक्रवार देखभाल. शुक्रवारी बिडाच्या टेबलांवर मशीन ऑइलचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसायचं. पावसाळ्यात एक शुक्रवार चुकला की तांबूस चट्टे येतात. सिलिकॉनचा स्प्रे वापरू नका, तो लाकडाला लागला की पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

हातहत्यारं आणि ड्रिलचे बिट मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून, केबल-स्टार्टर लोहार चाळीतून. बेलापूरहून हार्बरने थेट मशीद बंदरला उतरायचं. डबे घरपोच मागवलेत तर पटाशीचं पोलाद हातात घेऊन बघता येत नाही.

तीन_फेज

स्प्रेसाठी भिंतीतला साधा एक्झॉस्ट फॅन नको. थिनरची वाफ मोटरीवरूनच जाते आणि एक ठिणगी पुरते. फ्लेमप्रूफ मोटर, किंवा मोटर हवेच्या वाटेबाहेर ठेवून बेल्टने पंखा फिरवणारी रचना. समोर बदलता येणारा फिल्टर, दिवेही बंद काचेचे. दोन घटकांचा पीयू पेंट मुलांना देऊ नका, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक आणि स्प्रे कॅन एवढंच. लेसरची नळी आणि स्प्रेची नळी एकत्र जोडू नका, कितीही मोह झाला तरी.

पटाशी

प्लास्टरचं पाणी बेसिनमध्ये एक थेंबही नाही. पीओपी पाण्याखालीही घट्ट होतं, पाइपात दगड बसतो आणि फुटतो तो खालच्या मजल्यावर. दोन बादल्या ठेवा: हात आणि भांडी आधी पहिलीत धुवायची, मग दुसरीत, शेवटी बेसिनवर. पहिलीतला गाळ रात्रभर बसू द्या, वरचं पाणी हळूच ओता, तळातली वडी कोरडी झाली की कचऱ्यात. बेसिनखालीही झाकणाची गाळटाकी बसवून घ्या, महिन्याने उघडून उपसायची. कालवण्यासाठी रबरी वाडगे घ्या; उरलेलं प्लास्टर घट्ट झालं की वाडगा दाबला की तुकडे सुटून येतात. आणि पोती लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर. ओल लागलेलं पीओपी घट्टच होत नाही, आणि पोतं उघडेपर्यंत ते कळतही नाही, म्हणून जूनच्या आधी साठा करून ठेवू नका.